बंद होताना काटा झोपतो

माझ्या भावाला ज्या गेटाने चिरडलं, त्या गेटाची पेटी माझ्या मुलाने बनवली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाटायला नको की म्हातारी काही लपवतेय. लपवायचं असतं तर मला जमलं असतं. उभा जन्म संसार केलाय, झाकली मूठ कशी ठेवायची ते मला कोणी शिकवायला नको.

आमचं वर्कशॉप घराच्या खालीच आहे. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली मोटरी. आमचे हे होते तेव्हा पाण्याच्या पंपाच्या मोटरी भरायचे, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायचे. तांब्याच्या तारेचा वास घरभर, जेवणाच्या ताटापर्यंत. भरलेली मोटर टेबलावर घट्ट आवळायची, तिच्या चाकावरून चामड्याचा पट्टा टाकायचा, पट्ट्याचं एक टोक टेबलाच्या कडेला खिळ्याने ठोकलेलं आणि दुसरं टोक हातात. मोटर सुरू केली की पट्टा ओढायचा. जेवढा ओढाल तेवढं मोटरीवर ओझं. त्या ओझ्याखाली मोटर कशी वागते ते बघायचं आणि मगच ती दाराबाहेर जायची. हे आजारी पडले तेव्हापासून पट्टा माझ्या हातात आला. अक्षरं मला जुळवून जुळवून वाचावी लागतात, पण पट्टा धरायला शाळा लागत नाही. आमच्या दारातून मोटर बाहेर पडली की तिला माझा हात लागलेला असायचा, आणि गिऱ्हाइकं तेवढ्यावर डोळे मिटून घेऊन जायची.

त्या पट्ट्याची एक खोड होती. मोटर एका बाजूला फिरली की खिळा सगळा ताण घ्यायचा, माझ्या हाताला नुसतं धरून ठेवण्यापुरतं काम. उलटी फिरली तर सगळा ताण माझ्या हातावर यायचा आणि पट्टा तळव्याची साल काढून निघून जायचा. पण पंपाची मोटर एकाच बाजूला फिरते. पाणी उलटं ढकलून कोणाला काय करायचंय? म्हणून खिळा जिथे होता तिथेच राहिला.

पुढे मुलाने धंदा बदलला. सरकत्या गेटांच्या मोटरी आणि त्या चालवणाऱ्या पेट्या. मोठमोठी लोखंडी गेटं, जमिनीतल्या खाचेत चाकांवर धावणारी. बटण दाबलं की उघडतात, दुसरं दाबलं की बंद होतात. मध्ये कोणी आलं तर मोटरीला जोर पडतो, जोर पडला की ती जास्त करंट खाते, पेटीला ते कळतं आणि ती मोटर थांबवून मागे घेते. ही अक्कल पेटीत घातली माझ्या सुनेने. कॉलेजात हेच शिकून आलेली. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी तिच्या तोंडावर म्हणायचे. ती हसून तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापवत बसायची. उलट उत्तर देत नाही ही तिची सगळ्यात वाईट सवय. भांडायला काही हातालाच लागत नाही.

आणि माझा भाऊ. नाव राहिलं कागदावर, सगळे त्याला बारक्या म्हणायचे. माझ्या पाठचा. मधली काही वर्षं त्याने दारूत घालवली, बायको सोडून गेली. मग एक दिवस माझ्या दारात येऊन म्हणाला, "ताई, आजपासून बंद." मी म्हटलं, "बघू." आणि खरंच सोडली त्याने. मुलाने एका मोठ्या गोदामाला गेट बसवलं तेव्हा मीच मॅनेजरला सांगून त्याला तिथे गेटवर लावलं. भाच्याची पेटी, मामाचा पहारा. मला वाटलं, दोन्ही घरं एका खुंटीला टांगली.

गेट बसवलं त्या दिवशी माझ्या मुलाने मामासमोर उघडत्या गेटाला खांदा लावला. गेट खांद्याला टेकलं, थांबलं, मागे गेलं. बारक्या ते सगळ्यांना सांगत सुटला. "भाच्याने अंगावर घेऊन दाखवलंय. आपलं गेट माणूस ओळखतं."

बारक्या सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचा. असाच एकदा बसला होता, भाताचा ढीग पुढ्यात घेऊन.

"भाच्या, तुझा तो काटा मोठा लबाड आहे रे."

गेटवरच्या खोलीत पेटीच्या झाकणावर काट्याचं मीटर असतं, मोटर किती करंट खाते ते दाखवणारं.

"काय केलं त्याने?" मुलगा म्हणाला.

"गेट उघडताना कसा सलाम ठोकून उभा राहतो. बंद करताना झोपतो. शून्यावर आडवा. उठवला तरी उठत नाही."

"मामा, बंद करताना गेटाला उतार लागतो. जोरच लागत नाही, तर काटा कशाला उठेल?"

"उतार? मी रोज तिथे जमिनीवर चहाची बशी ठेवतो. कधी एका बाजूला कलली नाही."

"मग तुमचा चहाच जड असेल," मुलगा म्हणाला.

मी वाढता वाढता म्हटलं, "काटा झोपतो तर झोपू दे. तू झोपू नकोस म्हणजे झालं." सगळे हसले. बारक्या सगळ्यात जास्त हसला, भाताचं शीत नाकात जाईपर्यंत. सून त्या वेळी घरात नव्हती. तिची आई अंथरुणाला खिळली होती आणि ती बरेच दिवस तिकडे होती. ती असती तर हसली नसती.

मग ते झालं. भर दुपारी एक ट्रक बाहेर पडला, बारक्याने बंद करायचं बटण दाबलं आणि त्याला दिसलं की खाचेत दगड अडकलाय. गेट खाचेतून बाहेर पडेल म्हणून तो वाकून दगड काढायला गेला. गेट येतंय हे त्याला दिसत होतं. अंगाला लागलं की थांबेल, हेही त्याला ठाऊक होतं. ते थांबलं नाही. खांब आणि गेट यांच्यामध्ये त्याची छाती धरून मोटर ढकलत राहिली, ट्रकवाला धावत येऊन मेन स्विच पाडेपर्यंत.

मॅनेजरने लगेच सांगायला सुरुवात केली, प्यायला होता. जुना दारुडा, सगळ्यांना माहीत होतं. लोकांनी माना हलवल्या. बेवड्याच्या मरणाची कोणी चौकशी करत नाही, ती सोय असते सगळ्यांची.

इस्पितळात मी त्याच्या उशाशी बसले होते. छातीला नळ्या, ओठ निळे. बोलायला एकेका शब्दाला दम गोळा करत होता.

"ताई, मी शुद्धीत होतो."

"बरं."

"थेंब नाही घेतला. तुझ्या गळ्याची आण."

"पडून राहा."

"तुला खरं नाही वाटत."

त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करत राहिले. मला खरं कसं वाटावं? पेटी माझ्या मुलाची, तपासताना पट्टा माझ्या हातात. तिच्यावर माझा हात फिरलेला असताना ती कशी चुकेल? मग चुकला कोण? बारक्याच. हा हिशेब मी मनात मांडला आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. शेवटचं काय बोलला म्हणून नर्सला विचारलं, तर म्हणाली, बोलला काही नाही, दाराकडे बघत होता.

त्याला पोहोचवून आल्यावर सरकारी तपासनीस येणार असं कळलं. तो ती पेटी आमच्याच टेबलावर तपासणार, कारण तशी मोटर आणि तसं टेबल दुसरीकडे जवळपास नव्हतं. मुलगा शांत होता. फारच शांत. तापलेल्या तव्यासारखा, दिसत काही नाही, हात लावला की कळतं.

सून खाली वर्कशॉपमध्ये एकटी बसली होती. मी जिना उतरले तर तिच्यापुढे उघडी पेटी.

"ही कुठली?"

"त्याच घाण्यातली, आई. मी नव्हते तेव्हा बनवलेल्या."

"मग?"

तिने बोर्डावरची एक काळी चिप दाखवली, नखाएवढी, आठ पायांची. "ही ऑप-अँप. मोटरीचा करंट या जाड पट्टीतून जातो. पट्टीच्या दोन टोकांत एवढासा फरक पडतो, मुंगीच्या पावलाएवढा. ही चिप तो मोठा करून दाखवते."

"तेवढं मला कळतं."

"गेट उघडताना करंट एका बाजूने जातो, बंद होताना उलट्या बाजूने. पण या चिपला शून्याच्या खालचं दिसत नाही. म्हणून मी तिला मधल्या मजल्यावर उभी केली होती. थांबलेल्या मोटरीला काटा मधोमध. उघडताना वर, बंद होताना खाली. दोन्हीकडे लक्ष." तिने टोकदार चिमट्याने चिपचा एक पाय दाखवला. तिथून एक तार सरळ खाली नेऊन जोडली होती. "आता तिला जमिनीवर बसवलंय. वरचं दिसतं. जमिनीखालचं कसं दिसणार?"

"असं कोणी केलं?"

तिने उत्तर दिलं नाही. म्हटलं ना, वाईट सवय.

"का केलं?" मी विचारलं.

"मॅनेजर म्हणाला होता म्हणे, गेट थांबलेलं आणि काटा अर्ध्यावर, हे काय भलतंच. बिघडलेली पेटी देता का. गिऱ्हाइकाला काटा शून्यावर हवा होता."

"आणि माझ्या पट्ट्याला हे का नाही कळलं?"

ती खिळ्याकडे बघत म्हणाली, "पट्टा एकाच बाजूला धरतो, आई. उलटं आपण मोटर रिकामीच फिरवतो. रिकामी मोटर काटा हलवत नाही, तो शून्यावर दिसला तर कोणाला संशय येणार?"

झोपलेला काटा. बारक्याने माझ्याच घरात, माझ्याच हातचं जेवताना सांगितलं होतं, आणि मी त्यावर विनोद केला होता.

"नवऱ्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, या टेबलावर पास होईल, गप्प बस."

मुलगा जेवायला वर आला तेव्हा मी ताट वाढलं नाही. रिकामं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि समोर बसले.

"तुला माहीत होतं?"

"तेव्हा नाही, आई. तुझी शपथ. तार मीच हलवली, पण मला वाटलं, जोर दोन्हीकडे सारखाच मोजला जाईल. मामा गेल्यावर बोर्ड उघडून बघितला तेव्हा कळलं."

"मग आता सांग."

"सांगून मामा परत येणार आहे?"

"नाही."

"मी मात्र आत जाईन. वर्कशॉपला कुलूप लागेल. मामाला आता कोणी दारुडा म्हटलं काय आणि साधू म्हटलं काय, त्याला ऐकू येणार आहे का?"

"बाकीची गेटं?"

तो रिकामं ताट फिरवत राहिला.

"त्या घाण्यातल्या पेट्या कुठे कुठे लागल्यात?"

"एकेक करून बदलीन. गाजावाजा न करता."

"आणि तोवर कोणी दगड काढायला वाकलं तर?"

"आई, मी तुझा मुलगा आहे."

"ते मला कोणी सांगायला नको. मी तिथे हजर होते."

तो उठला आणि उपाशीच खाली गेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तर रक्त आपलंच. मला झोप लागली नाही, पण त्याचं कौतुक नको. म्हाताऱ्या माणसाला एरवी तरी कुठे लागते?

तपासनीस आला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. हडकुळा माणूस, सर्दीने बेजार, सारखा रुमाल काढत होता. घाईत होता. त्याला त्या दिवशी अजून कुठे कुठे जायचं होतं. मी चहा दिला. त्याने गोदामावरची पेटी पिशवीतून काढली, मुलाने ती टेबलावरच्या मोटरीला जोडली. त्याचे हात अगदी स्थिर होते. बापाचे हात आहेत ते, कामाला लागले की कापत नाहीत, मन काय वाटेल ते करत असो.

"हे ओझं कोण देतं?" तपासनिसाने विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"का, बाईने पट्टा धरला तर मोटर लाजते?"

त्याला शिंक आली, हसू राहून गेलं. मुलाने उघडायचं बटण दाबलं. मोटर फिरली. मी पट्टा ओढला. काटा उठला, वर वर गेला, खट्ट आवाज झाला आणि मोटर थांबली.

"पुन्हा."

पुन्हा तसंच. काटा उठला, खट्ट.

"उलट्या बाजूने?"

मुलाने मोटर उलटी फिरवून दाखवली, रिकामी. ती गुणगुणत फिरली. काटा शून्यावर. "दोन्हीकडे एकच सर्किट असतं साहेब."

तपासनिसाने मान डोलावली आणि खिशातलं पेन काढलं. "म्हणजे यंत्राचा दोष नाही. माणूसच शुद्धीत नसणार."

मी पक्कड घेतली आणि टेबलाच्या कडेचा खिळा उपटायला लागले. जुना खिळा, लाकडात रुतलेला. आमच्या ह्यांनी ठोकलेला.

"आई, साहेबांना चहा दे अजून," मुलगा म्हणाला.

"साहेबांचा चहा झालाय."

"आई."

खिळा निघाला. मी तो टेबलाच्या पलीकडच्या कडेला ठोकला, तीन-चार घाव लागले. पट्टा चाकावरून उलटा घेतला, टोक हातात धरलं. तपासनीस पेन तसंच धरून बघत होता.

"सूनबाई, बटण दाब. बंद करायचं."

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो भिंतीकडे. शेवटी तिनेच पुढे होऊन बटण दाबलं.

मोटर फिरली. मी पट्टा ओढला. ती जड झाली, घुरघुरायला लागली. मी आणखी ओढला. चाक जागीच अडकलं, मोटर थरथरत ढकलत होती, टेबल हलत होतं, चामड्याचा जळका वास सुटला. खट्ट आवाज आला नाही. सगळे काट्याकडे बघत होतो. तो शून्यावर आडवा होता. मोटरीतून धूर यायला लागला तरी शून्यावर.

"बंद करा," तपासनीस म्हणाला. "बाई, सोडा तो पट्टा."

मी सोडला नाही. बारक्याच्या छातीवर हे किती वेळ चाललं असेल, ते मला हातात घेऊन बघायचं होतं. सुनेने मेन स्विच पाडला तेव्हा कुठे ते थांबलं.

मग तपासनिसाने स्टूल ओढून घेतलं आणि बसला. त्याची घाई संपली होती.

"खिळा कोणी हलवायला सांगितला तुम्हाला?"

"माझ्या भावाने," मी म्हटलं. "फार दिवसांपूर्वी. मी ऐकलं नव्हतं."

मुलगा त्याच दिवशी पोलिसांबरोबर गेला. जाताना त्याने खालचे दिवे बंद केले, जसे रोज करतो तसे. माझ्याकडे बघितलं नाही. आता जामिनावर सुटून आलाय, खटला चालू आहे. घरात असतो, मी वाढलेलं जेवतो, पाठ करून. मी मीठ मुद्दाम कमी घालून बघितलं. तक्रार करण्यापुरतंही बोलला नाही. वकील म्हणतो, आईनेच घात केला. आईचं नाव वकिलाच्या तोंडी फार शोभतं.

वर्कशॉपला सील आहे. पण त्या पेट्या बदलून द्यायचा हुकूम झाला, आणि ते काम सुनेने अंगावर घेतलं. ती दुसरीकडे नोकरी करते, सुट्टीच्या दिवशी गेटं करते. मी बरोबर जाते. ती बोर्ड बदलते, आणि मी गेटाच्या वाटेत लाकडी ओंडका आडवा धरते. आधी उघडताना. मग बंद होताना. दोन्ही वेळा गेट मागे गेल्याशिवाय मी तिला पिशवी भरू देत नाही.

गोदामाचं गेट शेवटी राहिलं होतं. मीच पुढे ढकलत होते. अपघात झाल्यापासून ते हातानेच ढकलायचे. खोलीत नवा पहारेकरी, तरणाताठा, बारक्याच्याच खुर्चीवर. पेटी बसली, मोटर जोडली. मीटरचा काटा मधोमध उभा राहिला. मी खांबापाशी ओंडका धरला, जमिनीवरच्या खाचेजवळ, जिथे तो वाकला असेल तिथे. सुनेने बटण दाबलं. गेट आलं. जड, हळू, आवाज करत. ओंडक्याला टेकलं. थांबलं. मागे गेलं.

एवढंच. त्याला एवढंच हवं होतं.

"आजी, बाजूला व्हा, ट्रक यायचाय," पहारेकरी म्हणाला. मग सुनेकडे वळून, माहिती असल्यासारखा, "सांभाळून हां. इथला आधीचा माणूस पिऊन अडकला होता म्हणे."

सुनेने माझ्याकडे बघितलं. मी ओंडका खाली ठेवला.

"तो माझा भाऊ. शुद्धीत होता. काटा झोपला होता."

"हो, हो," तो म्हणाला, म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं, आणि ट्रकसाठी बटण दाबायला आत गेला.

मी त्याच्या मागोमाग आत गेले आणि त्याच्या समोरच्या स्टुलावर बसले. त्याला म्हटलं, ट्रक गेला की मीटरकडे बघ, मी सांगते काय झालं ते. सून बाहेर पिशवी घेऊन उभी होती. तिने घाई केली नाही.